पडलेल्या शिशमाचं वाद्य होऊ द्या

३० मे २०२२ च्या संध्याकाळी दिल्लीत आंधी आली. जामा मशिदीच्या मुख्य घुमटावरचा कळस मोडला आणि शहरभर शेकडो झाडं आडवी झाली. कळसाच्या दुरुस्तीची चर्चा बरेच दिवस चालली. झाडांचा मात्र फक्त आकडा छापून आला. आंधी इथे दर वर्षी येते, मे-जूनमध्ये तर हमखास. सकाळपर्यंत रस्ते मोकळे करायचे असतात आणि यंत्रणा ते काम नेटानं करते. खोडांचे तुकडे होतात, ट्रक भरतात, ढीग लागतात, ढिगाचा लिलाव होतो. फांद्या स्मशानभूमीला जातात. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, गरिबाच्या चितेला लाकूड मिळायलाच हवं. पण त्याच ढिगात कधी कधी शिशमाचं जाड, सरळ, गर्द तपकिरी गाभ्याचं खोड असतं. ते जळणाच्या किंवा खोक्यांच्या भावानं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत पडलेल्या शिशमातलं वाद्यालायक लाकूड आधी बाजूला काढावं आणि वाद्य बनवणाऱ्या हातांत द्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

मी मूळची मिरजेची. सतारमेकरांच्या दुकानांवरून शाळेत जायचे. मंगळवेढ्या-पंढरपूरकडचे भोपळे छताला टांगलेले, खाली तुणीच्या लाकडाच्या दांड्या उभ्या, आणि कोणीतरी तासन् तास एकाच तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, लावत बसलेलं. एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा व्यवसाय उभा केला आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे दिल्लीत शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर नोएडात घराच्या तळमजल्यावर हातानं गिटारी बनवते. गिटारच का, असं मिरजेचे लोक विचारतात. इथली पोरं गिटार वाजवतात म्हणून. दिल्लीतल्या कोणत्याही कॉलेजच्या आवारात संध्याकाळी फेरी मारा, चार जण गिटार घेऊन बसलेले दिसतील. त्यांच्या हातातलं बहुतेक वाद्य प्लायचं असतं, वर लाकडाचा पातळ पापुद्रा आणि भोकाभोवती नक्षीचं छापील स्टिकर.

गिटारचा आवाज मुख्यतः तबलीतून, म्हणजे तारांखालच्या पुढच्या फळीतून येतो. ती अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, हलक्या स्प्रूसची. हे लाकूड मला बाहेरून मागवावं लागतं. पाठ आणि बाजू मात्र घट्ट लाकडाच्या हव्यात, आणि तिथे शिशमाला तोड नाही. कोकणातल्या घरांतून शिसवी पाट, शिसवी पलंग असायचे. शीशम हा त्याच शिसवाचा उत्तरेकडचा भाऊ, वजनाला थोडा हलका. चिरून रंधलेली फळी वरच्या टोकापासून साधारण पाव लांबीवर दोन बोटांत अलगद धरायची आणि मध्यावर बोटाच्या पेरानं ठोकायची. चांगलं शीशम घणघणतं आणि आवाज रेंगाळतो. त्याच मापाच्या प्लायवर ठोकलं तर नुसता टपकन आवाज येतो. मी मुलांना आवर्तनं आणि अवमंदन फळ्यावर शिकवलं. या फळीवर ते कानांनी कळतं.

बाजू वाकवण्याचं काम मला सगळ्यांत आवडतं. दोन मिलिमीटरपर्यंत रंधलेली पट्टी घ्यायची, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या नळीवर टेकवून हळूहळू दाब द्यायचा. आधी पट्टी अडून बसते. वाफ निघते, शिशमाचा गोडसर वास खोलीभर होतो आणि एका क्षणी हाताला कळतं की तंतू सैल पडले. मग कमरेचा बाक आपोआप येतो. घाई केली की तडा गेलाच.

दिल्लीची हवा या कामाची परीक्षाच घेते. मेमध्ये दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, ऑगस्टमध्ये ८० च्या वर. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं आक्रसतं आणि फुगतं. म्हणून तबलीच्या आतल्या पट्ट्या मी खोलीतला आर्द्रतामापक ४५ च्या आसपास दाखवत असेल तेव्हाच चिकटवते. लाकूडही इथेच काही उन्हाळे-पावसाळे सावलीत थप्पी लावून वाळलेलं असलं की बरं पडतं. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना हिशोब. लिलावातून घाईघाईनं फिरलेल्या ओंडक्याला ही सवड मिळतच नाही.

आता कोणी जाणकार म्हणेल, आवाज तबलीचा असेल तर पाठीसाठी एवढा आग्रह कशाला? प्रश्न रास्त आहे. स्पेनच्या अंतोनिओ दे तोरेसनं १८६२ साली पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याची करून गिटार बनवली, ती तबलीचं महत्त्व दाखवायलाच. अमेरिकेतल्या बॉब टेलरनं १९९५ साली माल वाहायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्यांतून उत्तम गिटार करून दाखवली. पण या दोन्ही गिटारींमधून मी वेगळा धडा घेते. दुर्मीळ जंगलातलं महागडं लाकूडच हवं, हा हट्ट खोटा आहे. कारागीर जाणता असेल तर जवळचं, हाताशी आलेलं लाकूड बोलतं. आणि आपल्या हाताशी आलेलं लाकूड तर शीशम आहे!

गिटारच्या जगात शिशमाच्या भाऊबंदांचा इतिहास मोठा आहे. ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झालं तेव्हा मार्टिन कंपनीनं १९६५ साली डी-३५ हे मॉडेल काढलं. त्याची पाठ तीन तुकड्यांची, कारण रुंद फळ्याच उरल्या नव्हत्या. १९६९ च्या सुमारास ती कंपनी भारतीय रोझवूडकडे, म्हणजे आपल्या शिसवाकडे वळली आणि पुढे ते जगभरातल्या गिटारींचं प्रमाण लाकूड झालं. २ जानेवारी २०१७ पासून शिसव-शीशम कुळातल्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या आणि परदेशी विकायच्या एकेका वाद्यालाही परवाना लागू लागला. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. याचा अर्थ इथल्या कारागिरानं शिशमाची गिटार पूर्ण करून विकली तर बाहेरची बाजारपेठही तिला मोकळी आहे.

नक्षीकामासाठीही लांब जायला नको. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीत शिशमावर पितळी तार ठोकून बसवण्याची तारकशीची कला आहे. पूर्वी तिथल्या लाकडी खडावांवर हे काम होई. २०२३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. फरिदाबादच्या सूरजकुंड मेळ्यात मला एक तारकशी कारागीर भेटले. त्यांनी नक्षीचा आराखडा काढला, टोकदार पटाशीनं केसाएवढी खाच पाडली, चपटी तार उभी धरून हलक्या हातोडीनं बसवत नेली. ठिपक्यासाठी तारेचं इवलं वेटोळं केलं आणि एका ठोक्यात रुतवलं. शेवटी कानस, पॉलिश कागद, तेल. मी गिटारचं सांगितल्यावर ते बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "दीदी, पीतल नहीं हिलता, लकड़ी हिलती है।" सगळी अडचण त्यांनी एका वाक्यात सांगितली. दोन मिलिमीटरच्या बाजूवर हातोडी चालणार नाही आणि मऊ तबलीत तार धरणार नाही. म्हणून पूर्ण वाळलेल्या शिशमाचं वेगळं कडं करायचं, त्यावर तारकशी करायची आणि ते कडं भोकाभोवती खाच पाडून बसवायचं. तिथे तबली फारशी हलत नाही, त्यामुळे आवाजाला बाधा येत नाही. खुंट्यांच्या माथ्यावर आणि पडद्यांच्या जाड पट्टीवर तर तार थेट बसते. माझ्या गिटारींवर आज हीच नक्षी आहे, आणि ती पाहून पोरं गिटार हातात घेतात, वाजवून बघतात.

दिल्लीला वाद्यांची परंपरा नाही असं कोणी समजू नये. १९२० साली लाहोरात सुरू झालेलं रिखी राम यांचं दुकान फाळणीनंतर कॅनॉट प्लेसमध्ये आलं आणि १९६६ च्या जुलैमध्ये बीटल्स तिथे वाद्यं घ्यायला गेले. पूर्वेला अमरोह्यात ढोलक बनतात, त्यांनाही २०२३ मध्येच मानांकन मिळालं. न्यूयॉर्कमध्ये रिक केली हा कारागीर शहरातल्या जुन्या इमारतींच्या तुळयांपासून इलेक्ट्रिक गिटारी बनवतो आणि वादक आपल्या शहराचं लाकूड म्हणून त्या आवडीनं घेतात. आपल्याकडे हात आहेत आणि लाकूडही आहे. फक्त दोघांची गाठ पडत नाही.

मी एका कार्यालयात एकच ओंडका मागायला गेले होते. एकटा ओंडका देता येत नाही, पूर्ण ढीग घ्या, असं उत्तर मिळालं. एका गिटारच्या पाठीला आणि बाजूंना कोरडं लाकूड लागतं दीड किलोच्या आसपास, चिरताना जाणारा भुसा धरला तर तीन-चार किलो. सतारमेकराची, सारंगी बनवणाऱ्याची, तारकशीवाल्याची गरजही अशीच किलोंतली असते. ट्रकभर लाकडाच्या लिलावात आम्ही कोणीच बसत नाही.

यानं झाडं तोडायला उत्तेजन मिळेल, ही भीती मी गंभीरपणे घेते. उत्तर भारतात शीशम मर रोगानं आधीच वाळतो आहे. म्हणून नियम कडकच हवा: आपोआप पडलेलं किंवा वाळलेलं झाडच घ्यायचं, प्रत्येक ओंडक्यावर ठिकाण, तारीख आणि क्रमांक. झाड तोडायला परवानगी घेण्याची सक्ती दिल्लीत १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं आहेच, तिलाच ही नोंद जोडता येईल. रस्त्याकडेच्या खोडांत पाट्यांचे खिळे असतात, तेही खरं. धातुशोधक फिरवला की ते सापडतात.

मागण्या साध्या आहेत. दीड फुटाहून जाड शीशम पडला तर त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे करू नयेत. दोन फुटांत गिटारची पाठ निघते, पण बाजूला पावणेतीन फूट लांबी लागते. म्हणून तीन फुटांवर कापावं. टोकं फाटू नयेत म्हणून त्याच दिवशी दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावावं. ओंडके एका आगारात छपराखाली ठेवावेत, महिन्यातून एक दिवस जाणत्या वाद्यकारागिराकडून निवड करून घ्यावी आणि ठरलेल्या दरानं किलोवर विकावेत. उरलेलं जिथे जातं तिथे जाऊ द्यावं. वनविभाग, दिल्लीच्या नगरसंस्था आणि नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबादच्या यंत्रणांना यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागणार नाही. एक परिपत्रक पुरेल, आणि ते पुढच्या मेच्या आत निघालं पाहिजे.