भिंतीतील तार कोणाची?

घर भाड्याने देणारा आणि घेणारा यांच्यात भाडे, अनामत, पाण्याची वेळ आणि विजेचे बिल यांची चर्चा पुष्कळ होते. भिंतीतून गेलेली तार केव्हा घातली, तिचे आवरण शाबूत आहे काय, अर्थिंग अद्याप कामाचे उरले आहे काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ओतूरसारख्या वाढत्या गावात हा प्रश्न यापुढे टाळणे परवडणार नाही, असे आम्हांस वाटते.

कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरील ओतूर हे आता नुसते खेडे राहिलेले नाही. तेथे कांद्याचा मोठा बाजार भरतो, अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय आहे. अशा गावी विद्यार्थी, नोकरदार आणि मजूर खोली शोधीत येणारच. जुन्या वाड्याची माडी, ओसरी अडवून काढलेली खोली किंवा परसातील पत्र्याची शेड, जे मिळेल ते ते पत्करतात. एके काळी चार दिवे आणि एक पंखा यांच्यासाठी घातलेल्या वायरिंगवर मग फ्रिज, इस्त्री आणि पाणी तापविण्याचा हीटर यांचा भार पडतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार बसविली जाते आणि सर्वांना हायसे वाटते. वस्तुतः धोका तेथेच सुरू होतो.

फ्यूज हा मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो, माणसाच्या नव्हे, ही गोष्ट सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. पाच अँपिअरचा फ्यूज वितळण्यापूर्वी त्याच्या कितीतरी पटींनी लहान प्रवाह माणसाचे हृदय बंद पाडू शकतो. माणूस वाचतो तो चांगल्या अर्थिंगने आणि सुमारे ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणाऱ्या उपकरणाने. बाजारात त्यास ‘आरसीसीबी’ म्हणतात. माळशेजच्या पायथ्याकडील पावसात भिंती पाझरू लागल्या म्हणजे या दोन गोष्टींची किंमत कळते. पण तोवर उशीर झालेला असतो. जून २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, दापोडी येथे, पत्र्याच्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबातील पती, पत्नी आणि मुलगा विजेच्या धक्क्याने दगावले. देशात अशा मृत्यूंची संख्या अलीकडच्या वर्षांत दरसाल बारा हजारांहून अधिक आहे. त्यास दैवगती म्हणून सोडून देणे आम्हांस मान्य नाही.

मग जबाबदारी कोणाची? वीज कंपनीचे दायित्व सामान्यतः मीटरपाशी संपते. तेथून पुढचे सारे ग्राहकाचे. मीटर बहुधा घरमालकाच्या नावे असते. तेव्हा ‘ग्राहक’ या शब्दाचा अर्थ मालक असाच होतो. दिवा, फ्यूज बदलणे यांसारखी किरकोळ कामे सोडून बाकीचे वीजकाम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, हे बंधन १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही आहे. ते मालकावर आणि वहिवाटदारावर सारखेच आहे.

भाड्याचा कायदाही मुका नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे तेथे, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे कलम १४ अन्वये मालकाचे कर्तव्य आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ते वाजवी मुदतीत न केल्यास भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये, अशी सोय आहे. परंतु हे कलम भाडेकरूपुरते आहे. आज सर्रास होतात ते अकरा महिन्यांचे ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार, आणि अशा करारावर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नसतो. ज्याला संरक्षणाची गरज अधिक तोच संरक्षणाबाहेर राहावा, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याने वाट दाखविली आहे. त्याच्या परिशिष्टात आतील व बाहेरील वायरिंगची देखभाल मालकाकडे, तर बटणे, सॉकेट आणि सर्किट ब्रेकर यांची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. हा नमुना राज्याने स्वीकारल्याविना बंधनकारक होत नाही. शिवाय जीव वाचविणारे उपकरण भाडेकरूच्या पदरात टाकणे आम्हांस पटत नाही. ते बटणासारखे नाही, भिंतीसारखे आहे. ते घराबरोबरच आले पाहिजे.

मालकांचीही बाजू आहे. भाडे थोडे, भाडेकरू बेपर्वा, हीटरची कांडी तो परस्पर लावतो, ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. स्वतःची उपकरणे धड ठेवणे आणि वायरिंगशी खेळ न करणे हे भाडेकरूचे कर्तव्यच होय. पण ज्याला भिंत उकरण्याचा अधिकार नाही, त्याच्यावर भिंतीतील तारेचा भार टाकणे न्यायाचे नाही.

आमची सूचना साधी आहे. किल्ली देण्यापूर्वी परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी व्हावी, तिचा लेखी दाखला करारास जोडावा आणि खर्च मालकाने सोसावा. दर पाच वर्षांनी ही तपासणी पुन्हा व्हावी. इंग्लंडने २०२० च्या नियमांनी खासगी भाड्याच्या घरांस हेच बंधन घातले आहे. आपल्या १९५६ च्या नियमांतही पाच वर्षांची मुदत होतीच. करार नोंदविताना हा दाखला मागण्याची तरतूद राज्य सरकारने करावी. तोवर महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना दाखल्याविना खोली घेऊ नका, असे सांगावे आणि ग्रामपंचायतीने ग्रामसभेत हा विषय घ्यावा.

शेवटचा शब्द आमच्या वाचकांसाठी. जुन्नर-आंबेगावकडील कित्येक वाडे आज पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्यांच्या मालकीचे आहेत. गावाकडून भाडे नियमित येते. वायरिंग पाहावयास मात्र वर्षानुवर्षे कोणी गेलेले नसते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. परंतु कैदेच्या भीतीने नव्हे, तर आपल्या छताखाली दुसऱ्याचे मूल झोपते या जाणिवेने त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एवढे काम करून घ्यावे.