सराफांचे ओटे, विक्रेत्यांची रोजीरोटी : वादाचे उत्तर सर्वेक्षणात

इंदूर : दिवसा सोन्याचांदीची उलाढाल आणि रात्री खवय्यांची वर्दळ, अशी दुहेरी ओळख असलेल्या येथील सराफा बाजारात एकाच जागेवर दोन व्यवसायांचे दावे समोरासमोर आले आहेत. होळकरांच्या राजवाड्यालगतच्या या अरुंद गल्ल्यांमध्ये रात्री पेढ्या बंद झाल्या, की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोरच्या रस्त्यावर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, मालपुवे विकणारे आपली दुकाने मांडतात. ही खाद्यचौपाटी अन्यत्र हलवावी, अशी मागणी सराफ व्यापाऱ्यांनी २०२५ मध्ये लावून धरली. पिढ्यानपिढ्या येथेच व्यवसाय करीत आल्याचा दाखला देत विक्रेत्यांनी तिला विरोध केला.

सराफांचा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. दाटीवाटीच्या गल्लीत गॅस सिलिंडर आणि पेटत्या भट्ट्या आहेत. दुर्घटना घडल्यास अग्निशमन दलाची गाडी आत पोहोचणे कठीण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य प्रदेशातीलच हरदा येथे फटाका कारखान्यात भीषण स्फोट झाल्यानंतर महापालिकेने सराफा चौपाटीच्या सुरक्षेसाठी समिती नेमली, ती याच चिंतेतून. पेढ्या बंद होण्याआधीच गाड्या लागतात आणि दुकानांची संख्या वाढत चालली आहे, अशीही व्यापाऱ्यांची तक्रार आहे.

या तक्रारींवर तोडगा म्हणून पारंपरिक पदार्थ विकणाऱ्यांना ठेवावे आणि चायनीज, मोमो यांसारखे नवे पदार्थ विकणाऱ्यांना हटवावे, अशी भूमिका पुढे आली. बाजाराची परंपरा जपण्याच्या दृष्टीने ती आकर्षक वाटते. परंतु कायद्याच्या कसोटीवर तिचा पाया कच्चा आहे. संसदेने संमत केलेला आणि १ मे २०१४ पासून अमलात आलेला पथविक्रेता अधिनियम पदार्थाला नव्हे, तर विक्रेत्याच्या उपजीविकेला संरक्षण देतो. सर्वेक्षणात नोंद झालेल्या विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र द्यावे आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, असे या अधिनियमाची कलमे ३ आणि ४ सांगतात. विक्रेता काय शिजवतो, त्याचा पदार्थ किती जुना आहे, हा निकष त्यात नाही. वीस वर्षे त्याच ठिकाणी उभा राहिलेला मोमो विक्रेता आणि नुकताच आलेला गराडू विक्रेता यांच्यात निवड करावयाची झाल्यास कायद्याचा कल कोणाकडे असेल, हे उघड आहे.

गर्दीच्या मुद्द्यावरही अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्पष्टता आहे. केवळ गर्दी होते म्हणून एखादे क्षेत्र ‘ना-फेरीवाला’ घोषित करता येत नाही. मात्र नव्या प्रमाणपत्रांवर मर्यादा घालता येते. सर्वेक्षणात निश्चित झालेला नैसर्गिक बाजार ‘ना-फेरीवाला’ ठरविता येत नाही. ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालू आहे, तो वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये, अशी तरतूद दुसऱ्या अनुसूचीत आहे. सराफ्यातील रात्रबाजार या व्याख्येत बसतो की नाही, याचा निर्णय रीतसर सर्वेक्षण आणि नोंदींच्या आधारेच व्हावयास हवा.

वादातील सर्वांत नाजूक दुवा ओट्याचा आहे. ओटा आपल्या दुकानाचा भाग असल्याने तेथे कोणी बसावे हे आपण ठरवू, असे पेढीमालकाला वाटणे स्वाभाविक आहे. कायद्याने पथविक्रेत्याची व्याख्या करताना सार्वजनिक रस्त्यांबरोबर खासगी जागेचाही उल्लेख केला आहे. त्यामुळे ओट्यावर बसणारा विक्रेता आपोआप कायद्याबाहेर जात नाही. पण तेवढ्यावरून त्या ओट्यावर त्याचा मालकी हक्कही प्रस्थापित होत नाही. प्रमाणपत्रधारकाने स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फतच व्यवसाय करावा, प्रमाणपत्र भाड्याने देऊ नये, ही अट विक्रेत्यांनाही बांधून ठेवते. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी हा जागेचा परवाना नव्हे, हेही अनेकदा विसरले जाते. ती नोंदणी अन्नाची सुरक्षितता पाहते, उभे राहण्याचा हक्क देत नाही.

असे वाद मिटविण्यासाठी कायद्याने नगर पथविक्रेता समितीची रचना केली आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि व्यापारी संघटनांनाही प्रतिनिधित्व असावे, असे बंधन आहे. म्हणजे सराफ आणि खाद्यविक्रेते यांनी एका टेबलाभोवती बसावे, ही कल्पना कायद्यातच आहे. प्रत्यक्षात या यंत्रणेची गती मंद आहे. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले. समितीसाठी मतदान होण्यास ऑगस्ट २०२४ उजाडला आणि तेव्हाच्या मतदारयादीत जेमतेम ३२ हजार नावे होती. यादी अपुरी असली, की शेजारच्या दुकानदाराला प्रत्येक विक्रेता अतिक्रमणकर्ता वाटतो आणि प्रत्येक विक्रेत्याला महापालिकेची गाडी ही टांगती तलवार वाटते.

सराफ्यापुरता मार्ग अवघड नाही. एकाच जागेचा वेळ वाटून वापर करण्याची पद्धत अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीला मान्य आहे आणि हा बाजार तीच पद्धत वर्षानुवर्षे पाळत आला आहे. पेढ्या बंद होण्याची व गाड्या लागण्याची वेळ लेखी ठरविणे, गल्लीची वहनक्षमता मोजून विक्रेत्यांची संख्या निश्चित करणे, सिलिंडर व भट्ट्यांबाबत अग्निशमन दलाच्या अटी प्रमाणपत्राला जोडणे आणि त्या मोडणाऱ्यावर कारवाई करणे, एवढे झाले तरी सुरक्षिततेचा प्रश्न बराचसा सुटतो. त्यानंतरही कोणाला हलवावे लागलेच, तर समितीची शिफारस आणि ३० दिवसांची नोटीस ही कायद्याची वाट उपलब्ध आहे. मात्र त्याआधी कोण किती वर्षांपासून तेथे उभा आहे, याची नोंद पूर्ण करावी लागेल. ती जबाबदारी सराफांची नाही आणि विक्रेत्यांचीही नाही. ती महापालिकेची आहे.