शनिवार-रविवारची रेल्वे आणि आपलं देशव्रत



मुलगी जर्मनीला शिकायला गेली की मंडळात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, जेवणाचं काय करते? दुसरा जरा दबक्या आवाजात, "शनिवार-रविवार कुठंकुठं फिरते म्हणे?" माझी धाकटी आखनला शिकते आहे आणि हो, ती फिरते. मला ते आवडतं. आज तिची बाजू घेऊनच लिहायला बसले आहे.

"शिकायला पाठवलंय, फिरायला नाही" हे मला मुळीच पटत नाही. आठवडाभर लॅब आणि लेक्चर, स्वतःचा स्वयंपाक स्वतः, रविवारी बहुतेक दुकानं बंद आणि नोव्हेंबर संपताना साडेचारलाच अंधार. अशा गावात मुलीनं सुट्टीचे दोन्ही दिवस खोलीत मोबाइल बघत काढावेत, यात कसला आलाय अभ्यास? पण दुसरं टोकही नको. शुक्रवारी रात्री निघायचं, दोन दिवसांत तीन देश उरकायचे आणि सोमवारी तारवटलेल्या डोळ्यांनी वर्गात जाऊन बसायचं. फोटो ढीगभर, पण काय पाहिलंस म्हणून विचारलं तर सांगता येत नाही!

आपल्या गुणव्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत आहे. दाही दिशांना किती लांब जायचं याची जन्माची मर्यादा ते दिग्व्रत, आणि तीच मर्यादा ठरावीक काळापुरती आणखी आखडून घ्यायची ते देशव्रत. माझ्या सासूबाई चातुर्मासात गावाची वेस न ओलांडण्याचा नियम घ्यायच्या. काही जणी ही व्रतं मुलींना घरी बसवायला सांगतात. पण व्रत "जाऊ नको" म्हणत नाही, "किती जाशील ते आधी ठरव" म्हणतं. प्रवास आखायला याहून चांगला नियम मला तरी माहीत नाही.

तेव्हा आम्ही मायलेकींनी परिमाण ठरवलं. एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या आत. शनिवारी सकाळी जायचं, रात्री आपल्या अंथरुणात. मुक्काम महिन्यातून एकदा, तोही मैत्रिणींबरोबर. रविवार कपडे, भाज्या चिरून ठेवणं, अभ्यास आणि सामायिक यासाठी. शेवटच्या गाडीनं परतायचं नाही, तिच्या आधीच्या गाडीनं यायचं, म्हणजे एक चुकली तरी एक हाताशी राहते. गाडी बदलायची असेल तर मध्ये निदान अर्धा तास हवा. तिथल्या गाड्या अगदी घड्याळाच्या काट्यावर धावतात हा आपला गैरसमज आहे.

पैशाचंही तसंच. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी बँकेत अडकवावे लागतात आणि महिन्याला त्यातले ९९२ हातात येतात. त्यातच भाडं, विमा, किराणा. अशा वेळी 'डॉइचलांड तिकीट' फार कामाचं. २०२६ च्या जानेवारीपासून ते महिन्याला ६३ युरोंना आहे. विद्यापीठाच्या सेमिस्टर तिकिटातून मिळालं तर बरंच स्वस्त पडतं. शहरातल्या बस, ट्राम आणि देशभरातल्या प्रादेशिक गाड्या त्यात येतात, वेगवान आयसीई मात्र नाही. आखनहून कोलोन तासाभरावर, आणि तिथलं प्रचंड कॅथेड्रल स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच समोर. कोलोनला वेगळं तिकीट लागलंच नाही! सीमेपलीकडे लांब जायचं तर वेगळं तिकीट काढावं लागतं, ते जितकं आधी तितकं स्वस्त. पण अगदी स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, हे परीक्षेच्या तारखा बघून मगच लक्षात घ्यायचं. आणि युरोपीय नियमाप्रमाणे गाडी तासभर उशिरा पोचली तर भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तास झाले तर निम्मा मागता येतो. बऱ्याच मुली मागतच नाहीत. का सोडायचे?

शेंगेनमध्ये सीमेवर कोणी अडवो न अडवो, पासपोर्ट आणि निवास परवाना पिशवीत हवाच.

आता जेवण. स्टेशनावर जे झटपट मिळतं त्यात बटाटा, कांदा, अंडं यातलं काहीतरी असतंच. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, रंगीत गोळ्यांत जिलेटिन आणि काही ठिकाणच्या पारंपरिक ब्रेत्झेलमध्ये चरबीसुद्धा. म्हणून शुक्रवारी रात्री ती दशम्या करून ठेवते. दुधात भिजवलेल्या, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी, इथून नेलेलं भडंग आणि वाटेत घेतलेली फळं. डबा सोबत असला की बाहेर खाण्याचे पंधरा युरो वाचतात आणि पुढच्या तिकिटाची सोय होते, हे तिनंच मला हिशोब करून दाखवलं.

पुढच्या महिन्यात अँटवर्पचा बेत आहे. लिएज किंवा ब्रुसेल्सला गाडी बदलून जाता येतं. तिथलं १९०५ सालचं सेंट्रल स्टेशनच आधी अर्धा तास बघत राहावं असं आहे. शहराच्या दक्षिणेला विल्राइकमध्ये संगमरवरी जैन मंदिर आहे, तिथल्या हिरे व्यापारी कुटुंबांनी उभारलेलं. ती बहुतेक गुजराती मंडळी आणि आम्ही इकडचे दिगंबर, पण एवढ्या लांब हात जोडायला जागा मिळतेय तर ते कोण बघत बसणार? दर्शनाची वेळ मात्र आधी विचारून मगच तिकीट काढ, असं मी बजावलं आहे.

रात्रीभोजनत्यागाची मला सगळ्यात जास्त काळजी होती. पण जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. दिवसभर हिंडून, परत येऊन, ताजं वरण-भात करून ती उजेडात जेवते. डिसेंबरात मात्र साडेचारलाच दिवस संपतो, म्हणून हिवाळ्यात आमचं परिमाण तीन तासांवरून एका तासावर येतं आणि डबा दोन वाजता उघडतो.