परवान्याआधी शाळा तपासा

अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी आरोग्यविम्याने, म्हणजे मेडिकेअरने, जानेवारी २०२० मध्ये जुनाट कंबरदुखीवरील अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च उचलायचे ठरवले. ९० दिवसांत १२ वेळा उपचार आणि गुण येत असेल तर आणखी ८, अशी मर्यादा घातली. त्याहून महत्त्वाची अट मात्र उपचार करणाऱ्याविषयी होती. डॉक्टर वगळता इतर कोणीही सुई टोचणार असेल, तर त्याच्याकडे राज्याचा चालू परवाना हवा आणि त्याची पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट पदवी या विषयाच्या मान्यता मंडळाने तपासलेल्या संस्थेचीच हवी. परवाना असताना शाळेची चौकशी कशाला, या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही हवे आहे. कारण महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने ही उपचारपद्धती नियमनाखाली आणली आहे.

अमेरिकेत हा परवाना राज्ये देतात. नेवाडाने १९७३ मध्ये पहिला कायदा केला. आज मोजकी राज्ये सोडली तर सर्वत्र असे कायदे आहेत. परवान्याची सर्वसाधारण वाट अशी : आधी किमान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण, मग सुमारे तीन शैक्षणिक वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. मान्यता मंडळाच्या निकषांनुसार त्यात किमान १,९०५ तास भरावे लागतात. त्यांपैकी ४५० तास शरीरशास्त्र आणि रोगनिदानासह आधुनिक वैद्यकाचे, तर ६६० तास देखरेखीखालील प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. चिनी वनौषधीही शिकायच्या असतील तर एकूण तास २,६२५ होतात. पुढे राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा आणि सुया निर्जंतुकपणे हाताळण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण येते. कॅलिफोर्निया स्वतःची परीक्षा घेते आणि वनौषधींसह ३,००० तासांचे शिक्षण मागते.

या साखळीत सर्वांत कमी दिसणारी आणि सर्वांत जास्त भार वाहणारी कडी शाळेच्या मान्यतेची आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेले मान्यता मंडळ खासगी आहे, पण त्याला केंद्रीय शिक्षण खात्याची मान्यता आहे. संस्थेने आधी स्वतःचे परीक्षण लिहून द्यायचे. मग तज्ज्ञांचा गट येऊन शिक्षक, दवाखाना, विद्यार्थ्यांचे निकाल आणि संस्थेचा ताळेबंद पाहतो. काही वर्षांनी हे सारे पुन्हा होते. विद्यापीठाला एकूण मान्यता आहे एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे महाविद्यालयाला नॅकची उत्तम श्रेणी मिळाली म्हणून तिथला प्रत्येक व्यावसायिक अभ्यासक्रम आपोआप मान्य ठरत नाही, तसेच हे. अभ्यासक्रमच मान्य नसेल तर विद्यार्थ्याला बहुतेक राज्यांत परवान्याची दारे बंद होतात. फी भरण्याआधी पाहायची पहिली गोष्ट ही आहे.

एवढी कडक तपासणी हवी का? हवी. खांद्यावर किंवा छातीवर सुई प्रमाणापेक्षा खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. वापरलेली सुई पुन्हा वापरली तर काविळीचा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कंबरदुखीमागे कधी कर्करोग किंवा मणक्यातला जंतुसंसर्ग दडलेला असतो. अशा रुग्णाला सुई न लावता तातडीने डॉक्टरकडे धाडणे हेच उपचारकाचे कौशल्य. हे भान काही तासांच्या लेखी परीक्षेत पुरते जोखता येत नाही. ते अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली, रुग्णाशेजारी उभे राहूनच अंगी बाणते आणि तशी सोय शाळेत खरोखर आहे का, हे मान्यतेची तपासणी पाहते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पदवी आणि परवान्याने उपचाराची परिणामकारकता सिद्ध होत नाही, हा पहिला. आणि तो बरोबर आहे. काही प्रकारच्या जुनाट वेदनांबाबत पुरावा बरा आहे, इतर अनेक दाव्यांबाबत तो कच्चा आहे. परवाना माणसाच्या तयारीची हमी देतो, रोग बरा होण्याची नाही. दुसरा आक्षेप समतेचा. परवानाधारकाने वर्षे आणि कर्ज खर्चून जे शिकायचे, ते डॉक्टर बऱ्याच राज्यांत काहीशे तासांत शिकतात, आणि फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’च्या नावाखाली त्याहूनही कमी तासांत सुई हाती घेतात. त्यांचे आधीचे वैद्यकीय शिक्षण जमेस धरणे योग्यच. पण सुईपुरते किमान तास प्रत्येकाला लागू असावेत.

आपला या विद्येशी संबंध जुना आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५९ च्या सुमारास अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये त्यासाठी कायदा केला. केंद्राने २००३ मध्ये उपचाराचा एक प्रकार म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून त्याला मान्यता दिली.

कायदा असणे ही सुरुवात झाली. संस्थेला मान्यता देणारे, परीक्षा घेणारे आणि व्यावसायिकांची नोंद ठेवणारे हात एकमेकांपासून वेगळे असले, तर एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येते. अमेरिकी व्यवस्थेतून घेण्यासारखे आहे ते हेच. मान्य संस्थांची यादी आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास कोणत्याही रुग्णाला सहज पाहता यावेत, असा आग्रह आपण धरला पाहिजे. तोवर सुई टोचून घेण्याआधी नोंदणी क्रमांक विचारावा आणि शिक्षण कुठे, किती काळ झाले तेही विचारावे. नीट शिकलेल्या उपचारकाला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही.