भोपळ्याचा दिवा व लोखंडी हात

गेल्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस सायंकाळीं खेळ आटोपल्यावर आम्ही पांच मित्र शाळेच्या पायऱ्यांवर बसलों होतों. वीज गेली होती. एकानें कोठूनसा लहान भोपळा आणून त्यास चाकूनें डोळे व दांत कोरले होते आणि आंत मेणबत्ती लाविली होती. कारण काय, तर त्या रात्रीं पाश्चात्त्य देशांत 'हॅलोवीन' असतो व हल्लीं आपल्या शहरांतील दुकानांतही त्याचे मुखवटे टांगलेले दिसतात! अंधार, मेणबत्ती आणि दांत विचकणारा भोपळा असा योग जमून आल्यावर संभाषण भीतीकडे वळलें नसतें तरच नवल. प्रत्येकानें आपली भीति प्रांजलपणें सांगावी असा ठराव झाला. एकास पालीची, दुसऱ्यास विहिरीच्या काठाची, तिसऱ्यास गणिताच्या पेपराची (येथें सर्वांनींच माना डोलाविल्या). भोपळेवाला मला कशाचीच भीति नाहीं म्हणाला, आणि वाऱ्यानें मेणबत्ती विझतांच दचकला. राहिलेला एक बराच वेळ गप्प होता. तो हळूच म्हणाला, "मला रोबोटची भीति वाटते." आम्ही खो खो हंसलों. कोणी हात ताठ करून यंत्राच्या चालीनें चालूनही दाखविलें. तो हंसला नाहीं. "बाबांच्या कारखान्यांत दोन आलेत," इतकेंच तो बोलला.

आमचें तें हंसणें चुकीचें होतें. तें कां चुकीचें होतें याविषयीं आम्हीं मागाहून पुष्कळ विचार केला, तोच येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम त्या भोपळ्याविषयीं. हॅलोवीन हा 'सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप होय. तो सण १ नोव्हेंबरास येतो व मृतांचें स्मरण २ नोव्हेंबरास. वसईस किंवा गोव्यांत त्या दिवशीं दफनभूमींत ओळीनें तेवणाऱ्या मेणबत्त्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस हा संबंध सांगावयास नको. परंतु आयर्लंड व स्कॉटलंड या देशांत त्याच सुमारास वर्षाचा काळोखा अर्धा भाग सुरू होई, आणि त्या रात्रीं परलोकाचें दार किलकिलें होतें अशी जुनी समजूत होती. भोपळा तिकडे नव्हताच. सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. सुकलेल्या सलगमाचा तो सुरकुतलेला चेहरा आमच्या भोपळ्याहून कितीतरी भेसूर दिसतो. पुढें एकोणिसाव्या शतकांत आयरिश लोक मोठ्या संख्येनें अमेरिकेस गेले, तेथें त्यांस मोठा व कोरावयास सोपा भोपळा मिळाला आणि सलगम मागें पडला. स्कॉटलंडांत वेष घेऊन दारोदार फिरणाऱ्या मुलांस खाऊ फुकट मिळत नसे. त्याबद्दल गाणें किंवा कविता म्हणून दाखवावी लागे. या रीतींत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. ज्याचें भय त्याचाच वेष घ्यावयाचा, आणि त्याच वेषांत शेजाऱ्याच्या दारीं गावयाचें! गोव्यांतील तरुण नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे कित्येक दिवस खपून उभारतात व नरकचतुर्दशीच्या पहांटे जाळतात, त्यांतही हेंच नाहीं काय?

सोबतीनें भीति कमी होते हें केवळ आजीबाईंचें मत आहे असेंही कोणी समजूं नये. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें १९२४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलास सशाची विलक्षण भीति वाटे. त्यास सशाला न भिणाऱ्या मुलांच्या संगतींत खेळूं दिलें. पुढें तो आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतील ससा दुरून आणीत व हळूहळू जवळ नेत. अखेर ससा बोटें कुरतडूं लागला तरी पीटर भ्याला नाहीं. पाल व विहीर यांवर हा उपाय चालावा. गणिताचें सांगवत नाहीं.

परंतु आमच्या मित्राच्या भीतीवर तो चालेल काय?

यंत्रांच्या भयाचीही एक हॅलोवीनची गोष्ट आहे. १९३८ सालीं ३० ऑक्टोबरच्या रात्रीं ऑर्सन वेल्स या तेवीस वर्षांच्या नटानें, एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून रचलेलें मंगळवासीयांच्या स्वारीचें नाटक अमेरिकन रेडिओवर बातम्यांच्या धाटणीनें सादर केलें. उंच यंत्रांतून शत्रु चालून येत आहे असें ऐकून कांहीं श्रोते खरोखरच घाबरले. सारें राष्ट्र घाबरल्याचें जें वृत्तपत्रांनीं छापलें तें मात्र फुगविलेलें होतें, असें आज पुष्कळ संशोधक मानतात. शेवटीं नटानेंच खुलासा केला कीं, चादर पांघरून झुडुपाआडून 'भो' करण्याचा हा प्रकार होता. हें भय भोपळ्याच्या जातीचें. दिवे लागले कीं संपलें.

'रोबोट' या शब्दाचें कुळ निराळें आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या नाटकांत तो आला, व तो सुचविला त्याचा चित्रकार भाऊ योसेफ यानें. त्याचें मूळ 'रोबोटा', म्हणजे बोहेमियांतील कुळांस जमीनदाराच्या शेतावर सक्तीनें करावें लागणारें काम. आपल्या भाषेंत त्यास वेठ म्हणतात. ती तेथें १८४८ सालीं बंद झाली. चापेकचे रोबोट लोखंडाचे नव्हतेच; ते कृत्रिम देहाचे, माणसासारखे दिसणारे मजूर होते, आणि शेवटीं ते उठाव करितात. म्हणजे या शब्दाच्या पोटांत वेठीस धरलेला मनुष्य बसलेला आहे, आणि आपण सिनेमांतील लाल डोळ्यांचा पुतळा पाहून भितों!

आमच्या मतें रोबोट दिसला कीं दोन प्रश्न विचारावे. त्यानें कोणाची वेठ उचलली? आणि ज्याची उचलली त्याच्या घरची चूल आतां कशी पेटते? १९६१ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथील मोटारींच्या कारखान्यांत पहिला औद्योगिक रोबोट कामास लागला, तो सांच्यांतून निघालेले तप्त धातूचे भाग उचलण्याकरितां. २०१८ सालीं तिरुवनंतपुरम येथें 'बँडिकूट' नांवाचें यंत्र भुयारी गटारें उपसण्यास उतरविलें गेलें. ज्या देशांत २०१३ च्या कायद्यानंतरही माणसें गटारांत गुदमरून मरतात, त्या देशानें अशा यंत्राचें स्वागत वाजतगाजत करावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कित्येकदां आनंदाचें असतें. दुसऱ्याचें उत्तर यंत्राजवळ नसतें. तें मालकानें, सरकारनें, आपण सर्वांनीं द्यावयाचें असतें, आणि तेथेंच आपण गप्प बसतों. नवीं यंत्रें नवीं कामें आणितात असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण तीं पुष्कळदां दुसऱ्या गांवीं, दुसऱ्याच कोणाला मिळतात. चाळिशी उलटलेल्या गृहस्थास या उत्तरानें झोंप येत नाहीं, व त्याच्या मुलासही येत नाहीं. आमच्या मित्राची भीति ही होती. तिला मुखवटाच नव्हता, मग आम्ही काय काढून फेंकणार?

पुढच्या रविवारीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. काका बावीस वर्षें वेल्डिंगचें काम करीत आहेत. ठिणग्यांचे बारीक काळे डाग त्यांच्या दोन्ही मनगटांवर आहेत. त्यांच्या खात्यांत सहा माणसें. दोघांना त्या लोखंडी हातांची देखरेख शिकविणार असें ठरलें होतें. उरलेल्या चौघांचें कांहींच ठरलें नव्हतें. काका त्या चौघांत होते. आम्हीं चांचरत विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "बाळांनो, हें काम माझ्या मुलानें करावें असें मला कधींच वाटलें नाहीं. पण याचें शिक्षण होईपर्यंत तरी तें माझ्याजवळ राहील ना, एवढेंच रोज मनांत येतें."

आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. मग त्यांनींच चहा मागविला, आणि तुमच्या त्या भोपळ्याचें पुढें काय झालें म्हणून विचारलें. त्याच्या गराची भाजी झाली होती.