मुहूर्त पगारपत्रकाचा

आमच्या पिढीतील समाजवादी कार्यकर्त्यांनी लग्ने केली ती मुहूर्त न पाहता. पंचांग बाजूला ठेवले, हुंडा नाकारला, जातीची वेस ओलांडली आणि निबंधकाच्या कचेरीत दोन हार घालून संसाराला लागलो. विवाह हा दोन सज्ञान व्यक्तींनी स्वेच्छेने केलेला करार आहे. त्यात भटजी आणि जातपंचायत यांचे काम काय, असा आमचा सवाल होता. त्याच माझ्यावर गेल्या वर्षी एका लग्नाचा मुहूर्त काढण्याची पाळी आली. मुहूर्त मात्र ग्रहांचा नव्हता, पगारपत्रकांचा होता.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी मिरजेला ग्रंथपाल आहे. मिरजेस सतार शिकायला आलेला एक इंग्रज तरुण आणि ती यांनी विवाह करावयाचे ठरविले. तो तरुण उत्तर इंग्लंडातील एका प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. घरच्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो ब्रिटिश सरकारच्या विवरणपत्राचा. वराचे वार्षिक उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर असल्याची सहा महिन्यांची पगारपत्रके हवीत. त्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे त्यांच्याशी तंतोतंत जुळावेत. परस्परसंबंध खरा असल्याचा पुरावा म्हणून पत्रे, छायाचित्रे आणि प्रवासाची तिकिटे जोडावीत. वराने शाळेची नोकरी सांभाळून संध्याकाळी एका दुकानात दुसरे काम धरले. ते काम धरल्यापासून सहा महिने मोजून आम्ही तारीख काढली. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना पंचवार्षिक योजना शिकविल्या. पण एका साध्या लग्नाची योजना त्यांहून किचकट असू शकते, हे मला निवृत्तीनंतर कळले.

ही हकिकत मी आमच्या अभ्यासमंडळात सांगितली तेव्हा एका तरुण साथीने रोखठोक विचारले, "सर, ऊसतोडणी कामगारांचे प्रश्न पडले असताना परदेशी लग्न करणाऱ्या मध्यमवर्गीयांच्या व्हिशाची चिंता आपण का वाहावी?" प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे देणे मला आवश्यक वाटते. हा श्रीमंतांचा प्रश्न आहे ही समजूतच मुळात चुकीची आहे. श्रीमंतांना तो कधीच भेडसावत नाही.

आकडे पाहू. ब्रिटनमध्ये २०१२ च्या जुलैपासून असा नियम आला की, परदेशी पती वा पत्नीला आणावयाचे असल्यास तेथील नागरिकाचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असले पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये ही मर्यादा एकदम २९,००० पौंडांवर नेली. ती पुढे ३८,७०० पौंडांपर्यंत वाढविण्याचा हुजूर पक्षाच्या सरकारचा बेत होता. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले. त्याने पुढची वाढ थांबविली, परंतु २९,००० चा आकडा न हटविता प्रश्न सल्लागार समितीकडे सोपविला. आता त्याच देशाच्या कायद्याने ठरविलेले किमान वेतन घ्या. एप्रिल २०२५ पासून ते प्रौढ कामगाराला ताशी १२.२१ पौंड झाले. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही दिवस बिनपगारी न राहता काम केले तरी बेरीज होते सुमारे २५,४०० पौंड. म्हणजे एक कायदा म्हणतो की या वेतनावर माणसाने जगावे. दुसरा कायदा म्हणतो की या वेतनावर जगणाऱ्याने परक्या देशातील माणसाशी संसार थाटू नये. कामगाराच्या श्रमाला राज्याने जी किंमत लावली, ती त्याच्या संसाराला पुरत नाही असे राज्यच लिहून देते. भांडवली व्यवस्थेवर याहून मार्मिक आरोपपत्र कोणत्या समाजवाद्याने लिहिले आहे?

उत्पन्न नसेल तर बचत चालते. किती? २९,००० च्या नियमाप्रमाणे ८८,५०० पौंड, तेही सहा महिने हाताशी असलेले. ज्याच्याजवळ वडिलोपार्जित पैसा आहे त्याने दिवसभर आरामखुर्चीत बसावे, त्याची पत्नी विमानात बसेल. शिवाय शुल्क आहे. २०२५ च्या दरांनी अर्जाचे १,९३८ पौंड आणि आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे सुरुवातीच्या मुदतीसाठी ३,१०५ पौंड. मिळून पाच हजारांवर. मिरजेच्या ग्रंथपालाने हे रुपयांत मोजून पाहावे. अडीच-पावणेतीन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी आणखी एकदा.

आणि ज्यांच्यासाठी हा प्रश्नच नव्हता ते कोण? त्याच ब्रिटनने गुंतवणूकदारांसाठी खास परवाना ठेवला होता. २०१४ नंतर त्याची किंमत वीस लाख पौंड होती. तेवढी रक्कम गुंतविणारा धनिक बायकामुलांसह तेथे येऊन राहत असे. काळ्या पैशाची आणि सुरक्षिततेची बोंब झाल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये ती खिडकी बंद करावी लागली. उलट, वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी ज्या परदेशी सेविकांना त्या देशाने बोलावून नेले, त्यांच्यावर ११ मार्च २०२४ पासून पती वा मुले सोबत आणण्यास बंदी घातली. दुसऱ्याची आई सांभाळायला या. स्वतःचे मूल मात्र मागे ठेवा! राज्याला श्रम हवे आहेत, श्रमिक नको आहे. आपल्या कोकणातील घरांना हे नवीन नाही. आखाती देशांतही कुटुंब नेण्यासाठी पगाराची अट असते, आणि ती पुरी न करू शकणाऱ्या हजारो कामगारांचा संसार वर्षानुवर्षे टपालाने आणि दूरध्वनीने चालत आला आहे.

आता हा केवळ जमाखर्चाचा नियम आहे, त्यात वर्णाचा संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. जानेवारी १९७९ मध्ये विवाहासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य चाचणी' करण्यात आली. ती खरोखरच अविवाहित वाग्दत्त वधू आहे की नाही, हे ठरविण्याचा तो ब्रिटिश मार्ग होता. त्या वेळी दिल्लीत जनता पक्षाचे सरकार होते आणि भारताने निषेध नोंदविला. ती चाचणी बंद झाली, पण वृत्ती गेली नाही. १९८० च्या दशकात 'प्रमुख हेतू'चा नियम आला. विवाहाचा प्रमुख हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे. नसलेली गोष्ट नाही हे सिद्ध करणे तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाही अवघड. पंजाबातील वा गुजरातेतील खेड्यातल्या तरुणाने ते कसे करावे? ठरवून केलेल्या विवाहांवर, म्हणजेच प्रामुख्याने आपल्या उपखंडातील वरांवर, हा नियम वरवंट्यासारखा फिरला. तो १९९७ च्या जूनमध्ये रद्द झाला.

याच काळातील आणखी एक दाखला बोधप्रद आहे. ब्रिटनमधील पुरुषाला पत्नी आणणे सोपे आणि स्त्रीला पती आणणे अवघड, अशी तेव्हा स्थिती होती. तीन स्त्रिया या विषमतेविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि मे १९८५ मध्ये न्यायालयाने हा लिंगभेद असल्याचा निर्णय दिला. ब्रिटिश सरकारने समानता आणली, पण कशी? स्त्रियांच्या वाटेतील काटे न काढता तेच काटे पुरुषांच्याही वाटेत पसरून! सत्ताधारी वर्ग समतेचे कलम कसे राबवितो, याचा धडा म्हणून हे प्रकरण आपल्या प्रत्येक शिबिरात शिकविले पाहिजे.

सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाचा खटला तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा. त्याने १९८२ मध्ये ब्रॅडफर्ड येथे एका ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला. दोघांनी काही वर्षे जर्मनीत नोकरी केली आणि ती ब्रिटनला परतली. पुढे त्याच्या वास्तव्याचा वाद युरोपीय न्यायालयात गेला. १९९२ मध्ये न्यायालयाने सांगितले की, जी ब्रिटिश व्यक्ती दुसऱ्या सदस्य देशात कामगार म्हणून राहून परत येते, तिच्या जोडीदाराला युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळते. यातील मर्म पाहा. स्वदेशी, आपल्या घरी, नागरिक म्हणून जो हक्क मिळत नव्हता, तो परदेशी जाऊन सामायिक बाजारात श्रम विकल्यावर मिळाला! पुढे उत्पन्नाच्या अटीने अडलेली कित्येक ब्रिटिश जोडपी काही महिने आयर्लंडात वा अन्यत्र नोकरी करून या वाटेने घरी परतली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तीही वाट बुजली.

या नियमांचे समर्थन तीन प्रकारे केले जाते. पहिला मुद्दा, सरकारी तिजोरीवर भार नको. परंतु अशा जोडीदाराला कायम वास्तव्य मिळेपर्यंत बहुतेक सरकारी साह्य मुळातच निषिद्ध असते. तो काम करतो तेव्हा कर भरतो, आरोग्याचा अधिभार वेगळा भरतो. वर गंमत अशी की, अर्जाच्या वेळी परदेशी जोडीदाराची मायदेशातील कमाई किंवा उद्याच्या नोकरीचे आश्वासन हिशेबात धरीत नाहीत. उद्देश जर जोडपे स्वावलंबी असावे हा असेल, तर दोघांपैकी एकाचीच मिळकत का मोजावी?

दुसरा मुद्दा खोट्या विवाहांचा. खोटी लग्ने होतात. ती शोधण्यासाठी चौकशीची स्वतंत्र यंत्रणा आहे. पण पगाराचा आकडा हा प्रेमाच्या खरेपणाचा पुरावा केव्हापासून झाला? खोटे लग्न लावून देणारा दलाल कागदपत्रे नेमकी चोख ठेवतो. अडकतो तो अर्धवेळ काम करणारा मदतनीस, आणि त्याहून अधिक अडकते ती स्त्री. कारण पगार कमी असणे हे सगळीकडे स्त्रीच्याच वाट्याला अधिक येते.

तिसरा मुद्दा आपल्याच छावणीतून येतो: परकी माणसे आली की स्थानिकांची मजुरी घसरते. याचा विचार गांभीर्याने केला पाहिजे. पण मजुरी घसरते ती कोणामुळे? ज्याचा परवाना एकाच मालकाच्या हाती आहे, नोकरी गेली की ज्याला देश सोडावा लागतो, त्या बांधील कामगारामुळे. कारण तो संप करू शकत नाही, तक्रार करू शकत नाही. पती वा पत्नी म्हणून आलेला माणूस कोणत्याही मालकाकडे काम करू शकतो आणि न पटल्यास सोडूनही जाऊ शकतो. संघटनेच्या दृष्टीने तो स्थानिक कामगारासारखाच आहे. तेव्हा ज्यांना मजुरीची खरी चिंता आहे, त्यांनी बांधील परवान्याविरुद्ध लढावे. संसाराविरुद्ध लढून मजुरी वाढत नाही.

न्यायालये यात किती दूर जातात? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये उत्पन्नाची अट तत्त्वतः मान्य केली. मात्र त्या नियमांत मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नाही, असा ठपका ठेवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर जून २०२४ मध्ये मुनोझ खटल्यात सांगून टाकले की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा नागरिकाला मूलभूत हक्क नाही. तेव्हा हा प्रश्न वकिलांवर सोपवून चालणार नाही. तो राजकीय आहे.

आणि राजकीय आहे म्हणूनच आपल्या दाराशीही पाहिले पाहिजे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आजही तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत लावली जाते. म्हणजे मुलीच्या पाठीवर असलेल्या गुंडांना पत्ता सरकारच पुरविते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही जाहिरात जोडप्याच्या इच्छेवर सोडली. महाराष्ट्रात मात्र डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समिती नेमण्यात आली. परदेशी जोडीदाराला भारताचे अनिवासी नागरिकत्वपत्र मिळण्यासाठी नोंदणीकृत विवाह दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. पण त्याचे आईबाप वा आजीआजोबा कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक असतील, तर दार बंदच. आजोबांच्या पारपत्रावरून नातवाचा संसार ठरविणारा कायदा आपल्याकडे असताना लंडनच्या नावाने बोटे मोडण्याचा अधिकार आपण अर्धाच राखतो.

डॉ. लोहियांच्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष विषमता, कातडीच्या रंगावरून होणारी विषमता आणि खाजगी जीवनात होणारे अतिक्रमण या तिन्हींविरुद्ध लढा सांगितला आहे. एका व्हिशाच्या अर्जात हे तिन्ही अन्याय एकत्र भेटतात, आणि चौथा, संपत्तीचा अन्याय, त्यांचे शुल्क वसूल करतो. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापारी करारावर सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरील आयातकर दीडशे टक्क्यांवरून प्रथम पंचाहत्तर आणि पुढे दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले. बाटलीसाठी सरहद्द एवढी सैल होऊ शकते, तर माणसासाठी का नाही, हा प्रश्न आपल्या खासदारांनी सभागृहात विचारावा. देशातल्या देशात विवाहपूर्व नोटीस आणि वंशावरून केलेला भेद रद्द करण्याची मागणी पक्षाने आपल्या ठरावांत घ्यावी. आणि तेथील कामगार संघटनांशी ज्यांचा संपर्क आहे, त्यांनी त्यांना किमान वेतन व विवाहाची अट यांतील विसंगती दाखवून द्यावी.

माझ्या तरुण साथीला एवढेच सांगावयाचे आहे. ऊसतोडणी कामगार जोडीने राबतो. त्याच्या कोयत्यात पती-पत्नी दोघांचा हिशेब धरतात, कारण मुकादमाला दोघांचे श्रम हवे असतात. मिरजेच्या मुलीला आणि त्या शाळेच्या मदतनिसाला वेगळे ठेवतात, कारण तेथे एकाचेच श्रम हवे आहेत. एके ठिकाणी भांडवल संसार जोडते, दुसऱ्या ठिकाणी तोडते. पण दोन्हीकडे हिशेब त्याचाच असतो. तो हिशेब नाकारणे हे आपले काम आहे. तो तरुण अजून संध्याकाळच्या दुकानात उभा आहे, आणि सहाव्या महिन्याचे पगारपत्रक यावयाचे आहे.