आधी बादली, मग टेंडर

सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय, हे हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. रात्री बारालाही भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते. अशा वेळी चालत जाता येईल इतक्या अंतरावर पोहण्याचा तलाव असावा आणि त्याच्या फाटकाला कुलूप असावं, याहून मोठा छळ कोणता?

माझ्या माहितीतल्या एका तलावाचं असंच झालं. विद्यार्थी, कर्मचाऱ्यांची कुटुंबं आणि शेजारची सोसायटी असा तो तिघांचा. तिघांचा, म्हणजे खरं तर कुणाचाच नाही! नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण सामाईक तलाव बहुतेक ठिकाणी असेच बंद पडतात. पाणी रोज कमी व्हायचं. एक पार्टी म्हणायची, "गळतोय, खर्च तुम्ही करा." दुसरी म्हणायची, "ऊन किती आहे बघा की, उडून जातंय." कुणी सगळ्या टाइल्स बदला म्हणालं, कुणी निळा रंग मारा म्हणालं. मीटिंगवर मीटिंग झाली. तोवर पाणी हिरवं झालं आणि कुलूप लागलं. या सगळ्या गोंधळात पाणी रोज नेमकं किती कमी होतं, हे कुणीच मोजलं नाही. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला एका मिलिमीटरवरून भांडणारे आम्ही सिव्हिलवालेसुद्धा गप्प बसलो.

माझं म्हणणं एवढंच आहे: पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न दुसरा. आधी तलावाची तब्येत मोजा. आणि त्याची सुरुवात करायला कन्सल्टंट लागत नाही, एक बादली पुरते.

तलावाच्या पाण्यातल्या पायरीवर बादली ठेवा, तरंगू नये म्हणून आत दगड टाका. बादलीत तलावाच्या पातळीइतकंच पाणी भरा आणि दोन्हीकडे खूण करा. २४ तास कुणी पोहायचं नाही, वरून पाणी सोडायचं नाही. ऊन दोघांनाही सारखंच लागतं. त्यामुळे बादलीतलं जितकं घटलं तितकं उन्हाने नेलं. तलावाचं त्याहून जास्त घटलं असेल तर ती गळती. एकदा पंप बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून हेच करा. पंप चालू असताना घट वाढली तर संशय पाइपलाइनवर, दोन्ही वेळी सारखीच असेल तर भिंतीवर, तळावर किंवा जोडांवर. पंप बंद करून, पाणी स्थिर असताना भेगेजवळ थोडा रंग सोडला, की तो कुठे ओढला जातो ते डोळ्यांनी दिसतं.

आता हिशोब करू. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद तलावात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे २,५०० लिटर. समजा तलाव दिवसाला तीन सेंटिमीटर उतरला आणि बादली एक. म्हणजे गळती दोन सेंटिमीटरची, रोज ५,००० लिटर, महिन्याला दीड लाख! दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. हे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनीतून पाइपाने येणाऱ्या शहरातलं आहे. वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलेलं आपण पाहिलंय. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले. गळका तलाव चालू ठेवायचा हक्क आपल्याला नाही, हे मलाही मान्य आहे. पण न मोजता बंद करणं हा काही उपाय नव्हे.

आणि "आधी रिकामा करा, मग बघू" ही घाईही नको. जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामा तलाव खालून उचलला जाऊन तडकू शकतो. त्यात आपली काळी माती! ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. एकाच बाजूला गळती मुरत राहिली तर तिकडची माती फुगून भिंतीला नवी भेग देते. भेग दिसली की लगेच सिमेंट थापू नका. कोरड्या जागी भेग असेल तर तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवा. काच तडकली तर भेग अजून हलतेय, तिथे कडक भराव टिकणार नाही. टाइल ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आतून सुटलीय. पुढचं काम जाणकाराचं आणि आयएस ३३७० चं. पण त्याला बोलावताना आपल्या हातात आकडे असले पाहिजेत.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला हवा. पहिलं, ज्याने जीव जातो ते: तळाच्या ड्रेनची जाळी, पंप आणि दिव्यांचं अर्थिंग, खोलीचे आकडे. काठावरून ती जाळी स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी पाण्यात कुणी उतरायचं नाही, कारण बुडालेला माणूसही दिसणार नाही. दुसरं, ज्याने पाणी जातं ते. तिसरं, फिल्टर. आणि रंग सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: पाहुणे येणार म्हणून रंग आधी! मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात साडेचार हजार वर्षांपूर्वी पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिला होता. तो कुणाला दिसत नव्हता, तरी दिला होता.

कुणी म्हणेल, एका तलावासाठी एवढं कशाला? तर तलावाला कुलूप लागलं म्हणून पोरांचं पोहणं थांबत नाही. ती विहिरीवर जातात, खाणीत उतरतात. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा कॅन बांधून विहिरीत शिकलेल्यांच्या बरोबर काठावर कुणीतरी मोठं माणूस असायचं. हॉस्टेलची पोरं सबमिशन संपल्यावर जातात तेव्हा काठावर फक्त मोबाइल आणि चपला असतात. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात ३८ हजारांहून जास्त माणसं बुडून गेली.

म्हणून सूचना साधी आहे. सामाईक तलावाला एक वही ठेवा. रोजची पातळी, पंपाच्या गेजचा आकडा, क्लोरीन, आणि लिहिणाऱ्याची सही. आठवडा विद्यार्थ्यांचा, आठवडा स्टाफचा, आठवडा सोसायटीचा. महिनाभराने ती वही मीटिंगच्या टेबलावर ठेवा. "गळतोय की उडतोय" हा वाद पाच मिनिटांत मिटेल, आणि मग पैशांवर भांडायला भरपूर वेळ उरेल.

बादली तर प्रत्येक रूममध्ये आहे. कधी सुरू करायचं बोला!